भोंगा चढतो कसा, उतरतो कसा

हवाई हल्ल्याचा धोका असला की भोंगा वरखाली होत वाजतो. धोका टळला की तोच भोंगा एका पट्टीत, अजिबात न हलता वाजतो. दुसऱ्या महायुद्धात रूढ झालेला हा संकेत मुंबईनं १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटच्या रात्रींमध्ये ऐकला, आणि मे २०२५मध्ये देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावात आजच्या मुलांनीही ऐकला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात तर संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो तो मोबाइल आणि टीव्ही बंद करून मुलांना अभ्यासाला बसवण्यासाठी. प्रसंग कोणताही असो, भोंगा एकही शब्द बोलत नाही. त्याला जे सांगायचं ते स्वराच्या हालचालीतून सांगतो.

मोटारीवर चालणाऱ्या जुन्या भोंग्यात ही हालचाल आपोआप येते. आत खाचा पाडलेलं एक जड चक्र असतं आणि त्याभोवती तशाच खाचांचं स्थिर कडं. चक्र फिरू लागलं की हवेची वाट क्षणात उघडते, क्षणात बंद होते. चक्राला बारा खाचा असल्या आणि ते सेकंदाला ४० फेरे घेत असलं, तर हवेला सेकंदाला ४८० धक्के बसतात आणि कानाला ४८० हर्ट्झचा स्वर लागतो. फ्रेंच संशोधक शार्ल कान्यार द ला तूर यानं १८१९मध्ये याच तत्त्वावरचं यंत्र तयार केलं, ते स्वराची कंपनं मोजता यावीत म्हणून.

आता बटण दाबलं म्हणून जड चक्र लगेच पूर्ण वेगात जात नाही. सुरुवातीला वेग झपाट्यानं वाढतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी चक्र एका वेगावर स्थिरावतं. मोटार बंद केली तरी चक्र थांबत नाही. ते फिरत राहतं, हळूहळू दमतं, आणि स्वर त्याच्याबरोबर खाली येत जातो. पोटात कालवाकालव करणारा तो चढउतार कुणी संगीतकारानं बसवलेला नाही. तो लोखंडाच्या जडत्वाचा आवाज आहे.

घरफोडीचा अलार्म, सायकलचा इलेक्ट्रॉनिक हॉर्न, खेळण्यातली पोलीसगाडी यांच्यात चक्र नसतं, मोटारही नसते. तरी स्वर तसाच चढतो आणि उतरतो. चक्राचं काम तिथे कपॅसिटर करतो. पंख्याचा कंडेन्सर म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचाच हा भाऊबंद, फक्त आकारानं लहान. माझं म्हणणं असं आहे की अलार्मचं कोणतंही साधं सर्किट समोर आलं, तर त्यात आधी दोन कपॅसिटर शोधावेत, एक लहान आणि एक मोठा. लहान कपॅसिटर स्वर ठरवतो. मोठा कपॅसिटर त्या स्वराची चाल ठरवतो. हे दोघे कसे भरतात आणि कसे रिकामे होतात हे कळलं, की सर्किटचा आवाज कागदावरच ऐकू येऊ लागतो.

कपॅसिटर म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज न जाऊ देणारा पातळ थर. एका पत्र्यावर धन भार साठतो, दुसऱ्यावर तितकाच ऋण. जितका भार साठेल तितकं दोन टोकांमधलं व्होल्टेज वाढतं. बॅटरी थेट जोडली तर कपॅसिटर जवळजवळ तत्क्षणी भरतो. मध्ये रेझिस्टन्स घातला की भरायला वेळ लागतो, आणि अलार्मच्या दृष्टीनं सगळी गंमत या वेळातच आहे.

समजा बॅटरी ९ व्होल्टची आहे आणि कपॅसिटर पूर्ण रिकामा आहे. सुरुवातीला रेझिस्टन्सवर सगळे ९ व्होल्ट पडतात, म्हणून प्रवाह भरपूर असतो आणि कपॅसिटर भराभर भरतो. पण तो जसा भरत जातो तसं बॅटरी आणि कपॅसिटर यांच्यातलं अंतर कमी होतं. अंतर कमी म्हणजे प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणजे भरणं मंद. चहाचा कप टेबलावर ठेवला की पहिल्या दोन-चार मिनिटांत तो झपाट्यानं निवतो आणि शेवटचा कोमटपणा मात्र बराच वेळ रेंगाळतो. कारण तिथेही निवण्याचा वेग उरलेल्या फरकावर ठरतो, आणि दोन्हींचं गणित एकच आहे. भोंग्याचं चक्र मघाशी ज्या रीतीनं वेग घेत होतं, तीही जवळपास हीच रीत.

हा वेळ मोजायची पद्धत फार सोपी आहे. रेझिस्टन्स आणि कपॅसिटर यांचा गुणाकार केला की सेकंद मिळतात. १०० किलो-ओहम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे एक सेकंद. या एका सेकंदात कपॅसिटर बॅटरीच्या व्होल्टेजच्या ६३ टक्क्यांपर्यंत भरतो. पुढच्या सेकंदात उरलेल्याच्या ६३ टक्के, त्याच्या पुढच्या सेकंदात पुन्हा उरलेल्याच्या ६३ टक्के. पाच सेकंदांनंतर तो ९९ टक्क्यांच्या वर जातो आणि व्यवहारात भरला असं समजतात. रिकामा होताना हाच हिशोब उलटा लागू होतो. एका सेकंदात ३७ टक्के उरतात, दोन सेकंदांत जेमतेम १४.

हे कानानं ऐकायचं असेल तर दोन ट्रान्झिस्टरांचा सायरन जोडून बघावा. हौशी मंडळींमध्ये हे सर्किट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. एक बीसी ५४७, एक बीसी ५५७, आठ ओहमचा छोटा स्पीकर, एक दाबायचं बटण, दोन-तीन रेझिस्टन्स आणि आपले दोन कपॅसिटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं सामान एकाच दुकानात मिळतं. मोठा कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा घ्यावा, दुकानात त्याला ‘सत्तेचाळीस एमएफडी’ म्हणतात, आणि लहान ०.०१ मायक्रोफॅरडचा.

बटण दाबल्यावर मोठा कपॅसिटर २२ किलो-ओहममधून भरू लागतो. त्याच्यावरचं व्होल्टेज ५६ किलो-ओहमच्या दुसऱ्या रेझिस्टन्समधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाकडे जातं, आणि तिथेच लहान कपॅसिटर बसलेला असतो. बेसवर सुमारे ०.६ व्होल्ट जमले की ट्रान्झिस्टर सुरू होतो, तो दुसऱ्याला सुरू करतो, स्पीकरला एक धक्का बसतो, आणि त्याच धक्क्यासरशी लहान कपॅसिटर पहिल्या ट्रान्झिस्टरला पुन्हा बंद करून टाकतो. मग लहान कपॅसिटर परत ०.६ व्होल्टच्या वाटेला लागतो. असे धक्के सेकंदाला शेकडो वेळा बसतात आणि त्यांचाच स्वर होतो. आता मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज जास्त असेल तर लहान कपॅसिटर लवकर भरतो, धक्के जवळजवळ येतात, स्वर चढतो. कमी असेल तर धक्के लांब पडतात, स्वर उतरतो.

म्हणून बटण दाबून धरलं की स्वर आधी झर्रकन चढतो, मग हळू चढतो, मग थांबतो. २२ किलो-ओहम गुणिले ४७ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण एक सेकंद. बटण सोडलं की मोठ्या कपॅसिटरला रिकामं व्हायला ५६ किलो-ओहमची वाट उरते, आणि तिचा गुणाकार येतो अडीच सेकंदांच्या वर. चढण लवकर, उतरण लांबलचक. हातानं फिरवायच्या भोंग्याचाही हाच स्वभाव असतो. उतरण संपत आली की कान देऊन ऐकावं. स्वर जाडा होत जातो, मग त्याचे कण सुटे होतात, टक्‌-टक्‌ असे मोजता येतील इतके लांब पडतात, आणि मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज ०.६च्या खाली गेलं की सगळं शांत होतं. कपॅसिटरचा वक्र आलेखाच्या कागदावर काढून मुलांना शिकवतात ते चांगलंच आहे. पण तो एकदा असा ऐकवला तर मुलं जन्मात विसरणार नाहीत.

या सायरनमध्ये एक उणीव आहे. बॅटरी उतरली की स्वरही उतरतो. ०.६ व्होल्टचा उंबरठा ट्रान्झिस्टरच्या सिलिकॉननं ठरवलेला असतो आणि तो जागचा हलत नाही, पण भरणारं व्होल्टेज मात्र कमी झालेलं असतं. त्यामुळे नव्या बॅटरीचा आवाज आणि महिन्याभरानंतरचा आवाज यांत फरक पडतो. खेळण्याला हे चालतं. जिथे ठरावीक स्वर ठरावीक वेळच वाजायला हवा तिथे चालत नाही.

यावरचा तोडगा इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या चिपमध्ये आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हान्स कामेन्झिंड यांनी १९७१मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स या कंपनीसाठी ५५५ हा टायमर तयार केला आणि १९७२मध्ये तो बाजारात आला. त्यांच्या पहिल्या आराखड्यात कपॅसिटर एकसारख्या, न बदलणाऱ्या प्रवाहानं भरला जाणार होता. तसं केलं तर व्होल्टेज सरळ रेषेत वाढतं, वक्र राहतच नाही, आणि हिशोब सोपा होतो. पण त्यासाठी आत जास्तीचं सर्किट लागत होतं आणि चिपला नऊ पाय ठेवावे लागत होते. पुढे त्यांच्या लक्षात आलं की साध्या रेझिस्टन्समधून भरणारा वाकडा वक्रच जास्त कामाचा आहे. त्यांनी प्रवाहाचं ते सर्किट काढून टाकलं, चिप आठ पायांत बसली आणि स्वस्त झाली.

वक्र कामाचा कसा? ५५५च्या आत पाच-पाच किलो-ओहमचे तीन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडलेले आहेत. ते बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन सारखे भाग करतात. कपॅसिटर भरत भरत दोन तृतीयांशापर्यंत आला की चिप त्याला रिकामं करू लागते. तो एक तृतीयांशापर्यंत उतरला की पुन्हा भरू देते. बॅटरी ९ व्होल्टची असेल तर हा झोका ३ आणि ६ व्होल्टच्या मध्ये चालतो. बॅटरी ६ व्होल्टवर आली तर तो २ आणि ४च्या मध्ये चालतो. भरण्याचा जोर कमी झाला, पण गाठायचं अंतरही त्याच प्रमाणात कमी झालं, म्हणून वेळ तोच राहिला. व्होल्टेज हिशोबातून निघूनच गेलं. उरले फक्त रेझिस्टन्स आणि कपॅसिटर. मला विज्ञानातल्या ज्या युक्त्या मनापासून आवडतात त्यांत या युक्तीचा नंबर फार वरचा आहे. काहीही न जोडता, उलट एक गोष्ट काढून टाकून, कामेन्झिंडनी दोष घालवला.

एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत जायला गुणाकाराच्या ०.६९३ पट वेळ लागतो, परत यायलाही तितकाच. चिपच्या बाहेर कपॅसिटरबरोबर दोन रेझिस्टन्स जोडलेले असतात. भरताना वाट त्या दोन्हींमधून असते, रिकामं होताना फक्त दुसऱ्यातून. पहिला १० किलो-ओहम, दुसरा ६८ किलो-ओहम आणि कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरड घेतला, तर सेकंदाला सुमारे ९८६ कंपनं होतात. हा चांगला टोकदार स्वर आहे. आता रेझिस्टन्सना हात लावू नका. फक्त कपॅसिटर काढा आणि तिथे १० मायक्रोफॅरडचा बसवा. कपॅसिटर हजारपट मोठा झाला, म्हणून वेळही हजारपट झाला. मघाचा स्वर नाहीसा होतो आणि सेकंदाला एक या चालीनं टक्‌... टक्‌... असं ऐकू येतं. स्पीकरऐवजी एलईडी लावला तर तो अर्धा सेकंद पेटतो, अर्धा सेकंद विझतो. स्वर आणि ताल यांच्यात जातीचा काही फरक नाही, फरक फक्त वेगाचा, हे या एका अदलाबदलीत हाताला कळतं.

संगीत शिकणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे ०.०१चेच दोन कपॅसिटर समांतर जोडले की क्षमता दुप्पट होते आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो, ९८६वरून ४९३वर. चार जोडले की आणखी एक सप्तक खाली. मंद्र सप्तकात जायचं तर कपॅसिटर वाढवायचा, तार सप्तकात जायचं तर कमी करायचा.

याच सर्किटमध्ये ऐकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बहुतेकांच्या कानावरून निसटते. मंद गतीच्या ५५५ला वीज दिल्यावरचा पहिला ठोका पुढच्या सगळ्या ठोक्यांपेक्षा लांब असतो, जवळपास १.६ पट. कारण पहिल्या वेळी कपॅसिटर शून्यापासून निघतो आणि दोन तृतीयांशाला पोचतो. पुढे तो कधीच शून्यावर जात नाही, एक तृतीयांशावरूनच माघारी फिरतो. अलार्मचा पहिला ठोका लांबला म्हणून सर्किट सदोष ठरवणारे पुष्कळ भेटतात. सर्किट ठीकच असतं, कपॅसिटर घरून निघालेला असतो एवढंच.

आता दोन ५५५ एकत्र आणू. एक मंद, १० मायक्रोफॅरडवर चालणारा. एक जलद, ०.०१वर चालणारा. जलद चिपच्या पाच नंबरच्या पिनवर आतला दोन तृतीयांशाचा उंबरठा बाहेर आणून ठेवलेला आहे. तिथे बाहेरून व्होल्टेज दिलं की उंबरठा वरखाली सरकवता येतो. मंद चिपचं आउटपुट १० किलो-ओहममधून या पिनला जोडलं, तर उंबरठा अर्धा सेकंद वर जातो आणि अर्धा सेकंद खाली येतो. उंबरठा वर गेला की कपॅसिटरला भरायला लांब जावं लागतं, स्वर उतरतो. खाली आला की वाट कमी होते, स्वर चढतो. ९ व्होल्टवर हे दोन स्वर साधारण ९०० आणि १२५० हर्ट्झच्या आसपास लागतात, आणि परदेशी चित्रपटांतल्या रुग्णवाहिकेसारखा दोन सुरांचा पुकारा तयार होतो. गंमत अशी की या दोन्ही स्वरांत कपॅसिटर रिकामा होण्याचा वेळ एकच असतो. उंबरठा कुठेही असला तरी कपॅसिटर त्याच्या निम्म्यावर येईपर्यंतच रिकामा होतो, आणि निम्म्यावर यायला त्याला नेहमी सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो सगळा भरण्याच्या वेळात.

दोन सुरांचा पुकारा हा पायऱ्यांचा आवाज झाला. भोंग्याचा घसरत जाणारा आवाज हवा असेल तर मंद चिपच्या आउटपुटकडून काही घ्यायचं नाही. तिच्या कपॅसिटरवरचं व्होल्टेजच घ्यायचं. आउटपुट एकदम उडी मारतं, कपॅसिटर मात्र ३वरून ६वर आणि ६वरून ३वर सरकत जातो. ते सरकणंच जलद चिपच्या पाच नंबरच्या पिनला द्यायचं. पण तार थेट जोडून भागत नाही. पिनच्या आतून येणारा प्रवाह कपॅसिटरमध्ये घुसतो आणि त्याचं भरणं-रिकामं होणं बिघडवून टाकतो. म्हणून मध्ये एक पीएनपी ट्रान्झिस्टर पहारेकऱ्यासारखा बसवतात. बेस कपॅसिटरकडे, एमिटर पाच नंबरच्या पिनकडे. तो कपॅसिटरकडून अगदी थोडा प्रवाह घेतो-देतो आणि व्होल्टेजची नक्कल पुढे पाठवतो. आता स्वर सुमारे ९९० आणि १४०० हर्ट्झच्या मध्ये न तुटता वरखाली होतो. दोन ट्रान्झिस्टरांच्या सायरनपेक्षा इथे उलटं घडतं. मोठा कपॅसिटर भरत असताना स्वर उतरतो आणि रिकामा होत असताना चढतो.

या आवाजाची दोन्ही बाजूंची चाल जवळजवळ सारखी वाटते, बटणाच्या सायरनसारखी एकीकडे झर्रकन आणि दुसरीकडे रेंगाळती नाही. कारण ५५५ वक्राचा मधला तुकडाच वापरतो, आणि मधला तुकडा बऱ्यापैकी सरळ असतो. सुरुवातीची धाव आणि शेवटचं रेंगाळणं दोन्ही कापून टाकलेलं असतं. मंद कपॅसिटर १०ऐवजी ४७ मायक्रोफॅरडचा केला की एक पूर्ण चढउतार पावणेपाच सेकंदांचा होतो. तेव्हा तो पोलीसगाडीचा आवाज वाटत नाही, गावच्या भोंग्याचा वाटू लागतो.

स्वर किती उंच आहे यापेक्षाही तो कसल्या पोताचा आहे हे कधीकधी जास्त महत्त्वाचं ठरतं. ५५५च्या आउटपुटला चौकोनी लाट येते. ती एकतर वर असते किंवा खाली, मधलं काही नाही. अशा लाटेत मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वरही भरलेले असतात, म्हणून ती कानाला खरखरीत लागते. धुराच्या अलार्ममध्ये वर्षानुवर्षं सुमारे ३१०० हर्ट्झचा किंचाळणारा स्वर वापरला गेला. लहान पिझो बझर त्या पट्टीत सर्वांत जोरात वाजतो, आणि जाग्या माणसाचा कानही तिथे फार तल्लख असतो. पण माणूस झोपेत असेल तर? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांवर प्रयोग केले. ५२० हर्ट्झच्या चौकोनी लाटेनं माणसं ३१०० हर्ट्झच्या स्वरापेक्षा कमी आवाजात जागी झाली. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि ऐकू कमी येणारे यांच्या बाबतीत हे विशेष जाणवलं. म्हातारपणी आधी जातात ते उंच स्वरच. पुढे अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात झोपण्याच्या खोल्यांसाठी ५२० हर्ट्झचा स्वर घेतला गेला. आपण मघाशी दोन कपॅसिटर समांतर जोडून ४९३ हर्ट्झवर आलो होतो, म्हणजे त्या स्वराच्या अगदी शेजारी. घरात वयस्कर माणूस असेल तर अलार्म निवडताना ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

आवाज कसा सुरू होतो हेही कपॅसिटरच्या हातात आहे. केंब्रिजमध्ये काम करणारे रॉय पॅटरसन यांनी १९८२मध्ये नागरी विमानांतल्या इशाऱ्यांबद्दल मार्गदर्शक सूचना लिहिल्या. वैमानिकांच्या कक्षातले इशारे फार मोठ्यानं आणि फार अचानक वाजतात, त्यामुळे माणूस दचकतो आणि संकट हाताळायचं सोडून आधी आवाज बंद करायला धावतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आवाज झटक्यात न येता थोडा चढत यावा असा त्यांचा आग्रह होता. सर्किटमध्ये हे करायला एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर पुरतो. २.२ किलो-ओहम आणि १० मायक्रोफॅरडची जोडी आवाजाचा जोर ठरवणाऱ्या ठिकाणी बसवली की २२ मिलिसेकंदांचा चढ मिळतो. कानाला तो वेगळा ऐकू येत नाही, पण दचकणं कमी होतं. उलट, कपॅसिटर पटकन भरून सावकाश रिकामा होऊ दिला, की बझरचा सपाट आवाज घंटेच्या टणत्कारासारखा विरत जातो. दारावरच्या इलेक्ट्रॉनिक बेलचा गोडवा पुष्कळदा एवढ्यावरच उभा असतो.

आज बाजारात यूएम ३५६१सारख्या तयार चिपा मिळतात. एक २२० किलो-ओहमचा रेझिस्टन्स लावायचा आणि दोन पिनांची जोडणी बदलून पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका किंवा मशीनगन यांपैकी हवा तो आवाज काढायचा. काम भागतं, खर्चही कमी येतो. पण शिकायचं असेल तर या चिपेपासून सुरुवात करू नये. आत काय चाललं आहे ते दिसत नाही, आणि आपल्या हातात बदलण्यासारखं काही उरत नाही.

कपॅसिटरवर अवलंबून असलेल्या अलार्मची एक बाजू मात्र सांभाळावी लागते. मोठे कपॅसिटर बहुधा इलेक्ट्रोलिटिक असतात. त्यांच्या आत ओलसर रसायन असतं आणि ते वर्षानुवर्षं सुकत जातं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा कारागिरांचा आणि कारखानदारांचा दोघांचाही ठोकताळा. पत्र्याच्या शेडखाली उन्हात तापणारा अलार्म म्हणूनच लवकर बिघडतो. रसायन सुकलं की क्षमता घटते, क्षमता घटली की चढउतार घाईघाईनं होऊ लागतो. पूर्वी संथ चढणारा भोंगा आता केविलवाणा, भरभर थरथरणारा वाटतो.

दुसरा रोग गळतीचा. कपॅसिटर एका बाजूनं भरत असतो आणि आतून थोडा गळत असतो. घरात शिरल्यावर अलार्म बंद करायला काही मिनिटं मिळावीत म्हणून १० लाख ओहमचा रेझिस्टन्स आणि मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावलेला असला, तर ५५५ला ६ व्होल्टचा उंबरठा गाठायचा असतो. त्या क्षणी रेझिस्टन्समधून येणारा प्रवाह जेमतेम ३ मायक्रोअँपिअर असतो. तितकीच गळती आत असेल तर कपॅसिटर उंबरठ्याच्या अलीकडेच अडकतो. मिनिटं संपतच नाहीत आणि अलार्म कधीच वाजत नाही. चोरासाठी याहून सोयीची गोष्ट नाही. इतक्या लांब वेळा कपॅसिटरवर मोजू नयेत. त्यासाठी मोजणी करणारी डिजिटल चिप वापरावी आणि कपॅसिटरला त्याचं खरं काम, म्हणजे सेकंदांचं आणि त्याहून लहान वेळांचं काम द्यावं.

घरातल्या किंवा सोसायटीतल्या अलार्मचा आवाज बदलला असेल तर चिप बदलायला धावू नका. स्वर तोच असून चढउताराची चाल बिघडली असेल तर दोष मोठ्या कपॅसिटरच्या बाजूला शोधा. चाल तीच असून स्वरच वरखाली झाला असेल तर लहान कपॅसिटर आणि त्याचे रेझिस्टन्स तपासा. आवाज एकाच पट्टीत अडकला असेल तर गळतीचा संशय धरा. नवा इलेक्ट्रोलिटिक बसवताना अंगावरची पट्टी ऋण बाजूला येईल याची खात्री करा, आणि ८५ अंशांचा न घेता १०५ अंशांचा मागून घ्या. किमतीत फरक थोडाच पडतो, आयुष्यात मात्र बराच पडतो.